मिस पेरेग्रिनच्या घरात शिरताना : अद्भुत शक्तींची एक पहिलीवहिली कादंबरी कशी वाचावी

रॅन्सम रिग्जची 'मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलिअर चिल्ड्रन' ही कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा नव्वदाव्या पानाच्या आसपास मिटून ठेवली. मुखपृष्ठावर जमिनीपासून वीतभर वर तरंगणारी मुलगी आणि आत मात्र फ्लोरिडातला एक एकलकोंडा मुलगा, त्याचे आजोबा आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटी. शक्तीवाली मुलं कुठे आहेत, म्हणत मी वाट पाहत राहिले आणि कंटाळले. वर्षभराने ती पुन्हा उघडली, या वेळी शेजारी वही आणि पेन्सिल घेऊन. तेव्हापासून ही कादंबरी मी चार वेळा वाचली आहे. त्यातल्या दोन वेळा इचलकरंजीला आमच्या घरी शनिवारी दुपारी जमणाऱ्या, मराठी माध्यमात शिकणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर.

या लेखात ते वाचन टप्प्याटप्प्याने मांडते आहे. अमानवी शक्तींच्या कादंबऱ्या इंग्रजीत ढिगाने येतात आणि त्यांतल्या बऱ्याच त्या-त्या लेखकाच्या पहिल्याच असतात. ही पद्धत त्यांतल्या बहुतेकींना लागू पडेल, पण शिकायला ही कादंबरी उत्तम. माझं सांगणं थोडक्यात असं : शक्ती मोजत बसू नका, त्या शक्तीपायी कोणाला काय सोसावं लागतं ते पाहा. कथेचा शेवट आणि मोठी रहस्यं मी इथे फोडलेली नाहीत.

सुरुवात करण्याआधी

हे पुस्तक जून २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वर्क बुक्सने काढलं. रिग्जची ही पहिली कादंबरी. त्याला जुन्या बाजारांतून अनोळखी माणसांचे फोटो गोळा करायचा छंद होता, आणि त्यांतल्या विचित्र फोटोंचं एक चित्रपुस्तक करावं एवढाच त्याचा मूळ विचार होता. या फोटोंभोवती गोष्ट रच, असं संपादकाने सुचवलं आणि त्यातून कादंबरी उभी राहिली. ही माहिती वाचण्याआधी असलेली बरी. कारण इथे फोटो आधी होते आणि पात्रं त्यांच्यातून निघाली आहेत. पुस्तकाची सगळी ताकद आणि बरेचसे दोषही त्यातूनच आले आहेत.

प्रत छापीलच घ्या. मोबाइलच्या पडद्यावर फोटो बोटभर होतो आणि त्यातला एखादा तपशील, मुलीच्या बुटांखालची सावली म्हणा, निसटून जातो. नवी प्रत घ्यायची नसेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा, पण फोटोंची पानं जागेवर आहेत ना, ते उघडून बघा.

चित्रपट आधी पाहू नका. टिम बर्टनने २०१६ मध्ये तो केला. दिसायला देखणा आहे, पण त्याने दोन मुलींच्या शक्तींची अदलाबदल केली. पुस्तकात एमा हातांत आग धरते आणि धाकटी ऑलिव्ह हवेत तरंगते, चित्रपटात नेमकं उलट. गोष्टीतलं सालही १९४० ऐवजी १९४३ केलं आहे. आमच्या गटातला एक मुलगा चित्रपट पाहून आला होता आणि पहिली शंभर पानं तो 'हे चुकलंय' असंच म्हणत होता. पुस्तकातली एमा रागीट का आहे, हे कळायला तिच्या हातात आगच हवी.

मागच्या पानावरचा मजकूरही वाचू नका. त्यात पहिल्या तीन प्रकरणांतलं बरंच सांगून टाकलेलं असतं.

किती वेगाने वाचायचं

पुस्तक साडेतीनशे पानांचं आहे, प्रास्ताविक आणि अकरा प्रकरणं. बरीच पानं फोटोंनी व्यापलेली असल्यामुळे ते दिसतं तेवढं लांब नाही. रोज पंचवीस-तीस पानं वाचली तर दोन आठवड्यांत होतं. इंग्रजी वाचायची सवय नसेल तर तीन आठवडे धरा. गोष्ट वेल्सजवळच्या बेटावर पोहोचेपर्यंतचा भाग मात्र दोन-तीन बैठकांतच संपवा, तुकडे पाडू नका. तिथेच लोक पुस्तक सोडतात, मीही तिथेच सोडलं होतं.

शब्द अडला की थांबायचं नाही. पेन्सिलीने खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. एका पानावर जास्तीत जास्त दोन शब्द शोधायचे, तेही पान संपल्यावर. आमच्याकडे हा नियम लागू केला आणि मुलांचा वेग दुप्पट झाला. अर्धे शब्द पुढच्या पानावर आपोआप उलगडतात.

पहिला टप्पा : शक्तीची वाट पाहू नका, आजोबांकडे लक्ष द्या

जेकब पोर्टमन लहान असताना त्याचे आजोबा, अब्राहम, त्याला वेल्सजवळच्या एका बेटावरच्या घराच्या गोष्टी सांगतात. तिथे एक पाइप ओढणारा शहाणा पक्षी मुलांना सांभाळतो. एक मुलगी उडते, एक मुलगा दिसत नाही, एकाच्या पोटात मधमाश्या राहतात. आजोबा सिगारच्या जुन्या डब्यातून फोटो काढून दाखवतात. जेकब सगळं खरं मानतो, मग शाळेत मुलं हसतात आणि तो मानायचं सोडतो. थोडा मोठा झाल्यावर वडील त्याला 'खरी' हकीकत सांगतात : आजोबा पोलंडमधले ज्यू, बाराव्या वर्षी आईवडिलांनी एकट्याला आगगाडीत बसवून ब्रिटनला पाठवलं आणि घरचं बाकी कोणी वाचलं नाही. गोष्टीतले राक्षस म्हणजे नाझी, असं जेकब समजून घेतो.

ही सुरुवातीची पानं नीट वाचलीत तर पुढची कादंबरी तुमची झाली. म्हणून इथे थोडा इतिहास जवळ ठेवा. डिसेंबर १९३८ पासून सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटेपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधून सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, आईवडिलांशिवाय ब्रिटनमध्ये आणली गेली. या मोहिमेला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात. उत्तर वेल्समधल्या ग्रिख किल्ल्यात अशी सुमारे २०० मुलं राहिली होती. मागे राहिलेल्या आईवडिलांपैकी बहुतेकांची मुलांशी पुन्हा भेट झाली नाही. म्हणजे वेल्समधलं लांबचं घर आणि त्यात जगापासून लपवलेली मुलं, हे लेखकाने हवेतून काढलेलं नाही.

कोल्हापूर भागातल्या वाचकाला तर हे फार लांबचं वाटायला नको. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळीवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यांत मुलं आणि बायकाच जास्त. त्यांची वाट वेगळी. ते मुख्यतः कॅथलिक, सोव्हिएत सत्तेने सायबेरियाकडे हाकललेले आणि इराणमार्गे इकडे आलेले. पण घर सुटलेल्या पोलिश मुलाने परक्या मुलखात शाळा, चर्च, खेळाचं मैदान असं एक छोटं जग उभं करून त्यात दिवस काढणं म्हणजे काय, हे या मातीने पाहिलेलं आहे. आम्ही पहिल्या शनिवारी पुस्तक उघडायच्या आधी अर्धा तास वळीवड्यावरच बोललो. त्यानंतर अब्राहमच्या गोष्टी ऐकताना कोणी हसलं नाही.

या टप्प्यावर वहीत एकच प्रश्न लिहा : आजोबा खोटं बोलत होते, सजवून सांगत होते, की जसंच्या तसं सांगत होते? रोजचं वाचन झालं की तुमचा त्या दिवसाचा कौल तारीख घालून लिहा. तो बदलत जातो. पुस्तक संपल्यावर हे कौल ओळीने वाचायला फार मजा येते.

दुसरा टप्पा : शक्तींची वही

पाचव्या-सहाव्या प्रकरणापासून मुलं भराभर येऊ लागतात आणि नावांचा गोंधळ होतो. इथे चार रकान्यांचं एक पान आखा : नाव, शक्ती, शक्तीला लागणारी गोष्ट किंवा तिची मर्यादा, आणि त्या मुलाला रोज होणारा त्रास. पहिले दोन रकाने कोणीही भरेल. खरं वाचन शेवटच्या दोन रकान्यांत आहे.

मिलार्डपासून सुरुवात करा, कारण त्याच्याबाबतीत हे चटकन कळतं. तो अदृश्य आहे, पण त्याचे कपडे नाहीत. पूर्ण अदृश्य व्हायचं तर सगळे कपडे उतरवावे लागतात, मग थंडी वाजते आणि मुलांना सांभाळणाऱ्या मिस पेरेग्रिनचं रागावणं वेगळंच. पण आणखी पुढे जा. ज्याला कोणी पाहू शकत नाही, तो आपला वेळ कसा घालवतो? हे घर एकाच दिवसात अडकलेलं आहे (ते चौथ्या टप्प्यात येईल), आणि तो बेटावरच्या त्या एकाच दिवसाची नोंद करतो आहे. कोण कधी उठलं, कोण काय बोललं, कोणत्या जनावराने काय केलं, हे सगळं, गेली २७ वर्षं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. न दिसणाऱ्या मुलाने सगळ्यांकडे पाहत राहण्यात आयुष्य घातलं. लेखक याचा गाजावाजा करत नाही, म्हणून वही लागते.

ऑलिव्ह हवेपेक्षा हलकी आहे. ऐकायला सुंदर वाटतं. चौथा रकाना भरताना लक्षात येतं की ती शिशाचे जड बूट घालते आणि जेवताना तिला खुर्चीला बांधून ठेवावं लागतं. तिचं उडणं म्हणजे हरवून जाण्याची सततची भीती आहे. ह्यूच्या पोटात मधमाश्यांचं मोहोळ आहे. तो तोंड उघडतो तेव्हा त्या बाहेर येतात, म्हणून जेवणाच्या वेळी तो कोपऱ्यात मच्छरदाणीखाली एकटा बसतो. क्लेअरच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, कुरळ्या केसांखाली, दुसरं तोंड आहे आणि इतरांसमोर खायची तिला लाज वाटते. या तिघांचं दुखणं जेवणाच्या पंगतीत दिसतं, हा योगायोग नाही. मुलाला वेगळं पाडायचं पहिलं ठिकाण पंगतच असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तो जेवणाचा प्रसंग दोनदा वाचा. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा कोण कुठे बसलं आहे ते पाहण्यासाठी. जमलं तर टेबलाचा नकाशा काढा.

एनॉक मेलेल्यांना थोडा वेळ हालचाल करायला लावू शकतो, पण त्यासाठी त्याला दुसऱ्या जिवाचं हृदय लागतं. म्हणजे त्याची शक्ती उसनवारीची आहे, आणि तो इतका कडू का बोलतो याचं उत्तर मला तिथेच सापडतं. होरेसला पुढचं स्वप्नात दिसतं, पण काय दिसावं हे त्याच्या हातात नाही. ब्रॉन्विन प्रचंड ताकदीची आहे आणि तिला तिच्या भावाला वाचवता आलेलं नाही. तिच्यापुढचा चौथा रकाना मी दर वेळी वेगळा भरते. फियोना झाडं वाढवते, ती जवळजवळ बोलतच नाही आणि लेखकानेही तिला फारसं बोलतं केलेलं नाही. तिचा रकाना अर्धा राहिला तर राहू द्या.

एमाला मात्र संपूर्ण पान द्या. तिची आग, तिचा राग आणि अब्राहमचं नाव निघाल्यावरचा तिचा चेहरा, या तिन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

आणि जेकबच्या नावापुढचे रकाने रिकामे सोडा. योग्य जागी ते भरतील.

तिसरा टप्पा : फोटो आधी, मजकूर नंतर

फोटो आला की शेजारचा मजकूर हाताने झाका. अर्धा मिनिट फक्त फोटो पाहा आणि जे दिसतं तेवढंच एका ओळीत लिहा. 'उडणारी मुलगी' असं नाही, तर 'मुलीच्या पायांखाली जमीन नाही, चेहरा गंभीर, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी'. मग मजकूर वाचा. मग पुन्हा फोटो पाहा. लेखकाने कोणता तपशील उचलला आणि कोणता सोडला, हे कळायला लागतं. हा पुस्तकातला सर्वात सुखाचा भाग आहे, घाई करू नका.

पुस्तकाच्या शेवटी लेखक सांगतो की हे सगळे जुने, प्रत्यक्ष सापडलेले फोटो आहेत आणि थोडे किरकोळ फेरफार केलेले सोडले तर ते तसेच छापले आहेत. मग ते बनले कसे? एकाच काचेवर दोनदा चित्र घेणं, दोन निगेटिव्ह जोडून एक छाप काढणं, निगेटिव्हवरचा नको तो भाग खरवडणं, हे प्रकार एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहेत. अमेरिकेत विल्यम मम्लर नावाचा छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या फोटोत मागे मृत नातेवाईक दाखवायचा. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीची सुनावणी झाली, पण गुन्हा शाबित झाला नाही. इंग्लंडमध्ये कॉटिंग्ली गावात १९१७ साली १६ वर्षांच्या एल्सी राइट आणि ९ वर्षांच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्सने कागदी पऱ्या कापून त्यांच्याबरोबर फोटो काढले, आणि शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉइल याने ते खरे मानून १९२० मध्ये मासिकात लेख लिहिला. त्या दोघींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर.

हे माहीत असलं की जेकबची अवस्था जास्त समजते. लहानपणी त्याला फोटो पुरावा वाटतात. मोठेपणी तेच फोटो बनावट वाटतात, मुलीच्या पाठीमागे लपवलेली तार जणू दिसायला लागते. कादंबरी त्याला आणि आपल्याला पुन्हा त्याच फोटोंसमोर उभं करते.

चौथा टप्पा : तो एक दिवस कागदावर मांडा

मिस पेरेग्रिनचं घर ३ सप्टेंबर १९४० या एकाच दिवसात राहतं. रात्री जर्मन विमान येतं, बॉम्ब पडायच्या क्षणी ती वेळ मागे फिरवते आणि दिवस पुन्हा सुरू होतो. मुलं बागेत गॅसमास्क लावून हे पाहायला उभी राहतात, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. तारीख लक्षात ठेवा. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते ३ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे बरोबर वर्षभर आधी. आणि ७ सप्टेंबर १९४० ला लंडनवरचे मोठे हल्ले सुरू झाले. मुलं जिथे थांबली आहेत तो दिवस असा कडेलोटाच्या चार दिवस अलीकडचा आहे.

वहीत दोन आडव्या रेघा ओढा. वरची आजची, खालची १९४० ची. खालच्या रेघेचं वर्तुळ करा. दोन्हींना जोडणारी जागा म्हणजे दलदलीतली दगडांची थडग्यासारखी रास, तिथे खूण करा. जेकब कधी खाली गेला, कधी वर आला, वडील वर काय करत होते, हे बाणांनी दाखवत जा. दहा मिनिटांचं काम आहे, पण नवव्या प्रकरणानंतर गोष्ट धावायला लागते तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

नियमही शेजारी लिहा. वर्तुळातल्या मुलांना आठवण राहते, गावातल्या लोकांना राहत नाही. मुलं वयाने वाढत नाहीत. ती बाहेर, आजच्या काळात, जास्त वेळ राहिली तर सत्तर वर्षांचं थकलेलं वय काही तासांत वसूल होतं. शेवटचा नियम लाल पेनने लिहा.

कोकणातल्या चकव्याची मला इथे हटकून आठवण येते. रात्री चालणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. फरक एवढा की इथे चकवा मायेपोटी घातलेला आहे. तो आश्रय आहे की कोंडवाडा, यावर आमच्याकडे दोन शनिवार वाद झाला आणि बारावीतल्या मुली एका बाजूला, आठवीतली मुलं दुसऱ्या बाजूला गेली. लहानांना तो आश्रय वाटला.

दलदलीबद्दल एक गोष्ट. गावाच्या छोट्या संग्रहालयात दलदलीत सापडलेलं हजारो वर्षांपूर्वीचं एक शरीर ठेवलेलं आहे. हे अशक्य वाटलं तर सांगते, अशी शरीरं खरोखर सापडतात. पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, आम्लयुक्त, प्राणवायू नसलेल्या पाण्यात कातडी टिकून राहते. डेन्मार्कमध्ये १९५० साली सापडलेला टोलंड मॅन आणि इंग्लंडमध्ये १९८४ साली सापडलेला लिंडो मॅन ही प्रसिद्ध उदाहरणं. रिग्ज खऱ्या आणि कल्पित गोष्टी अशा शेजारी-शेजारी ठेवतो. १९०८ साल आणि सायबेरिया एकत्र आले की थांबा आणि तुंगुस्काचा स्फोट आठवा. ३० जून १९०८ ला तिथे सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं होतं.

पाचवा टप्पा : पाच-सहा शब्द पाठ करा

कादंबरीची स्वतःची परिभाषा आहे, पण ती फार मोठी नाही. 'पिक्युलिअर' म्हणजे विचित्र. आम्ही 'जगावेगळी' म्हणतो आणि ते मुलांना लगेच पटलं. जुन्या भाषेतलं त्यांचं नाव 'सिंड्रिगास्ट'. जुन्या इंग्रजीत सिंड्रिग म्हणजे वेगळं आणि गास्ट म्हणजे आत्मा. मुलांना सांभाळणाऱ्या, पक्षी होऊ शकणाऱ्या स्त्रिया म्हणजे 'इम्ब्रिन'. हाही जुना इंग्रजी शब्द, अर्थ फेरा, आवर्तन. वेळेला फेऱ्यात फिरवणारीला याहून नेमकं नाव मिळालं नसतं. त्यांचे शत्रू 'हॉलोगास्ट' आणि 'वाइट'. त्यांच्याबद्दल इथे इतकंच सांगते की पहिल्या दोन प्रकरणांत भेटलेल्या माणसांचं वर्णन वरवर वाचून सोडू नका.

पेरेग्रिन म्हणजे आपला बहिरी ससाणा. लॅटिनमध्ये पेरेग्रिनस म्हणजे परदेशी, प्रवासी. आजोबांचा पाइप ओढणारा पक्षी कोण, हे यात आलंच. प्रत्येक इम्ब्रिनचं आडनाव पक्ष्याचं आहे. पक्ष्यांचं एखादं मराठी पुस्तक जवळ असेल तर शेजारी ठेवा. जेकबचे वडीलही पक्षीनिरीक्षणासाठीच बेटावर आलेले असतात. ज्या माणसाने आयुष्यभर पक्षी शोधले, त्याला खरा पक्षी दिसत नाही, हे दुःख लेखकाने न सांगता ठेवलं आहे.

सहावा टप्पा : पहिल्या कादंबरीशी न्यायाने वागा

पहिल्या कादंबरीत शिवण दिसते आणि इथेही ती दिसते. पण अडलेली प्रत्येक गोष्ट दोष नसते. म्हणून समासात तीन खुणा वापरा. मला कळलं नाही, तर प्रश्नचिन्ह. लेखकाने मुद्दाम पुढे ठेवलं आहे असं वाटलं, तर बाण. आणि खरोखर फसलं आहे असं वाटलं, तर फुली. पुस्तक संपल्यावर पुन्हा चाळा. माझ्या पहिल्या सव्वीस प्रश्नचिन्हांपैकी एकोणीस बाण निघाले. मुलांच्या वह्यांतही असंच झालं.

फुल्या राहिल्या त्या अशा. काही फोटो गोष्टीला हवे म्हणून आलेले नाहीत, लेखकाला आवडले म्हणून आले आहेत, आणि त्यांच्यासाठी परिच्छेद ताणलेला जाणवतो. वेळेच्या वर्तुळाचा आणि शत्रूंचा इतिहास मिस पेरेग्रिन वर्गात धडा द्यावा तसा सांगते. तोच इतिहास घडताना दिसायला हवा होता. जेकब सोळा वर्षांचा आहे, पण कधीकधी चाळिशीतल्या माणसासारखी वाक्यं बोलतो. शेवटची प्रकरणं इतकी घाईची आहेत की धाकटी मुलं गर्दीत मिसळून जातात. आणि एमा, अब्राहम आणि जेकब यांच्यातलं नातं मला आजही अवघड वाटतं. सत्तर वर्षं एकाच दिवसात राहिलेल्या मुलीचं वय नक्की किती धरायचं, याला पुस्तक नीट सामोरं जात नाही. लहान मुलांबरोबर वाचत असाल तर हा प्रश्न तुम्हीच मोकळेपणाने काढा. ती तो विचारणारच असतात, फक्त मोठ्यांची वाट पाहतात.

बारा वर्षांखालच्या मुलाला हे पुस्तक एकट्याने देऊ नये, असं माझं मत आहे. पहिल्याच प्रकरणात एक मृत्यू अगदी जवळून दाखवला आहे आणि एनॉकचे काही प्रसंग अंगावर येतात.

एवढं असूनही मी हे पुस्तक जपून ठेवते. मुरलेला लेखक जिथे सावध झाला असता, तिथे रिग्ज नव्या माणसाच्या धीटपणाने फोटो, युद्ध, आजोबा आणि अदृश्य मुलगा एका घरात बसवतो. चारही एकमेकांशी बोलू लागतात, तेव्हा फुल्यांची मला आठवणही राहत नाही.

संपल्यावर

लगेच पुढचा भाग उघडू नका. मालिका सहा पुस्तकांची आहे, त्यांतली पहिली तीन मिळून एक सलग कथा होते. तीन-चार दिवस जाऊ द्या. त्या दिवसांत प्रास्ताविक पुन्हा वाचा. तेच शब्द, तेच फोटो, पण आजोबांची प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. शेजारी तुमच्या कौलांचं पान ठेवा. मग चौथ्या रकान्यावर बोटं फिरवा आणि स्वतःला विचारा, यातलं कोणतं दुखणं मी ओळखतो? गटात वाचत असाल तर हा प्रश्न मोठ्याने विचारू नका, चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. आमच्याकडे सर्वांत जास्त चिठ्ठ्या ह्यूच्या नावाने आल्या, मच्छरदाणीखाली एकट्याने जेवणाऱ्या.

शेवटचा टप्पा घरातल्या ट्रंकेचा. ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या खणात जुने फोटो असतातच. ज्यातल्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला माहीत नाही असा एक निवडा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे घेऊन जा. आधी तुम्ही काही सांगू नका, त्यांना बोलू द्या. कळलेलं नाव आणि गाव फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते.

आमच्या गटातला एक सिंधी मुलगा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून येतो. वळीवड्याची पोलिश छावणी रिकामी झाल्यावर तिथेच फाळणीतले सिंधी निर्वासित वसले, त्यांत त्याचे पणजोबा होते, तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्याने आणलेल्या फोटोत एका बराकीसमोर सहा मुलं ओळीने उभी आहेत. पणजोबांनी पाच नावं सांगितली. सहाव्या मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, तो झाडावर कोणापेक्षाही वर चढायचा एवढंच आठवत होतं. मुलाने फोटोमागे पाच नावं लिहिली, सहाव्या जागी 'झाडावर चढणारा' असं लिहिलं, आणि पुढच्या रविवारी तो पणजोबांच्या धाकट्या बहिणीला विचारायला जाणार आहे.